रात्रीचं सामान

माझ्या ताईशी भांडायचं तर उजेडात भांडावं लागतं. ती जन्मापासून बहिरी आहे, आणि भांडण अंगाशी येतंय असं दिसलं की ती सरळ डोळे मिटून घेते. मग तुम्ही कितीही हातवारे करा, थयथयाट करा, तिच्या लेखी तुम्ही खोलीतच नसता. लहानपणी या एका गोष्टीवरून मी तिला कितीदा चिमटे काढले आहेत. ती डोळे न उघडता नेमका माझा दंड शोधायची, दुप्पट जोराने परतफेड करायची, आणि रडत आईकडे जायचे मीच.

ताई स्टीलच्या ताटल्यांच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करते. तिथे एवढा दणदणाट असतो की चांगल्या कानांची माणसंही पाळी संपेपर्यंत एकमेकांशी खुणांनीच बोलतात. निवृत्तीला येईपर्यंत निम्म्यांचे कान गेलेले असतात. ताई म्हणते, बाकीचे इथे येऊन बहिरे होतात, मी तयारीनिशी आले. मी मात्र इस्पितळाच्या चौकशी खिडकीत बसते आणि दिवसभर लोकांचं ऐकून घेते. कान सगळे माझ्या वाट्याला आले, हे चांगलं झालं की वाईट याबद्दल माझं मत दर संध्याकाळी बदलतं.

तिचं बोलणं मी इथे शब्दांत लिहिते आहे, पण ते सगळं हातांचं आहे, एवढं ध्यानात असू द्या. आमच्या घरात नावंसुद्धा हातांनीच घेतात. माझं नाव बोटं ओठांपाशी नेऊन चोचीसारखी उघडमीट करायची, म्हणजे बडबडी. भावोजींचं नाव मिशीला पीळ. तेही बहिरे आहेत, दुकानांच्या पाट्या रंगवतात, आणि स्वभावाने इतके गरीब की भांडणाचं खातं पहिल्यापासून ताईकडेच आहे. त्यांची मुलगी अकरा वर्षांची, आईबापांसारखीच बहिरी. कपाळावर बोट गोल फिरवलं की तिचं नाव झालं: कुरळी. ताईचं नाव हनुवटी वर उचलायची. नाही म्हणताना ती तेवढंच करते, आणि नाही म्हणायचे प्रसंग तिच्या आयुष्यात भरपूर आले.

कुरळी चारचौघींसारखीच, कानवाल्या मुलींच्या शाळेत जाते. ती स्काउटमध्ये शिरली ती गाठींमुळे. पटांगणावर मुली दोर घेऊन बसल्या होत्या, खेळाचे सर तोंडाने शिकवत होते, आणि मुलींच्या बोटांचा नुसता गुंता झाला होता. कुरळी लांबून सरांचे हात बघत होती. सरांचं बोलणं संपायच्या आत तिने बुटाची नाडी सोडून गाठ मारून दाखवली. सरांनी तिला पथकात घेतलं. स्काउटचं वचन तिने हातांनी दिलं, सरांनी ते मान्य केलं आणि गळ्यात स्कार्फ बांधला. त्या दिवशी ती स्कार्फ घालूनच जेवली आणि स्कार्फ घालूनच झोपली.

मग आला कॅम्प. दोन रात्रींचा, गावाबाहेर, तलावाच्या काठी, तंबूत. त्याआधी पालकांची सभा झाली. ताईने मला सोबत नेलं आणि दारातच बजावलं, जे बोलतील ते जसंच्या तसं सांगायचं, माझ्या वाट्याचं मऊ करून देऊ नकोस. मला ती सवय आहे हे तिला माहीत आहे. चौकशी खिडकीत बसणाऱ्या बाईला कडू गोष्टी जरा साखर लावून सांगायची सवय लागतेच.

सरांनी सगळ्यांना काय काय सामान आणायचं ते सांगितलं. पाठीवरची पिशवी, झोपायची पिशवी, चटई, टॉर्च, शिट्टी, ताटली, मग, पाण्याची बाटली, जाड मोजे. शेवटी ते आमच्याकडे वळले आणि आवाज एकदम मवाळ केला. आवाज मवाळ झाला की मागून नकार येतो. खिडकीच्या दोन्ही बाजूंनी मी तो आवाज फार ऐकला आहे. ते म्हणाले, तुम्ही झोपायची पिशवी, टॉर्च, शिट्टी यांच्या भानगडीत पडू नका. अंधार पडायच्या आत मुलीला घेऊन जा, सकाळी परत आणून सोडा. दिवसभर ती आमच्यात मजेत राहील.

मी जसंच्या तसं सांगितलं. ताईने विचारलं, का?

"रात्री तंबूत काही झालं," सर म्हणाले, "साप निघाला, वारा सुटला, आग लागली, तर त्या काळोखात मी तिला सांगणार कसं? याचं उत्तर द्या, मी आत्ता ठेवून घेतो."

ताईने हनुवटी उचलली. "काळोखात तुम्हालाही दिसत नाही. मग तुम्हीही रात्री घरी जाता का?"

मी ते मोठ्यांदा सांगितलं. मागच्या बाकावर दोघं-तिघं हसले. सरांचे कान लाल झाले. माणूस वाईट नव्हता, हे मी रागात असतानाही कबूल करते. पंचवीस-तीस पोरी रानात न्यायच्या आणि तेवढ्याच परत आणायच्या म्हणजे कोणाचीही झोप उडेल. मग ते म्हणाले, कॅम्पआधी शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये सामानाची तपासणी आहे. खिडक्यांना जाड पडदे लावून अंधार करतो, मुली अंथरुणं घालून दाखवतात. त्यात हिलाही येऊ दे. मग बघू.

घरी येताना ताईने विचारलं, 'बघू' म्हणजे नक्की काय. मी म्हटलं, काही नाही, बघू म्हणजे बघू. ती म्हणाली, म्हणजे 'नाही' म्हणायला त्यांना शनिवारपर्यंत वेळ हवा आहे.

दुसऱ्याच संध्याकाळी आम्ही तिघी कॅम्पच्या सामानाच्या दुकानात गेलो. ताईने पायरीवरच जाहीर केलं की आधी रात्रीचं सामान घ्यायचं. जे जे आणू नका म्हणून सांगितलं, ते ते आधी. दिवसाचं राहिलं तर राहिलं.

दुकानदार हौशी होता. ताई बहिरी आहे कळल्यावर तो तिच्याशी फार सावकाश आणि फार मोठ्याने बोलू लागला, आणि खरी माहिती तिच्या डोक्यावरून मला देऊ लागला. त्याने झोपायची पिशवी काढली, ऊबदार, डोक्यावरून टोपडं ओढून दोरी आवळायची, नाकाएवढंच भोक राहतं. त्याच्या मते थंडीत याहून चांगलं काही नाही. ताईने कुरळीला तिच्यात घालून आडवी केली, टोपडं आवळलं आणि लगेच सोडलं.

"ही नको. डोळे झाकले की मग ती खरोखर बहिरी होईल."

तिला बिनटोपड्याची पिशवी हवी होती, जिची चेन आतून एका हाताने एका झटक्यात उघडेल. कुरळीने सात-आठ पिशव्यांत शिरून बाहेर येऊन दाखवलं. एकीची चेन कापडात अडकली तेव्हा ती पिशवीसकट उड्या मारत आरशापर्यंत गेली. दुकानदाराला हसू आवरेना. अखेर एक हिरवी पिशवी ठरली. पाठीवरच्या पिशवीचं तसंच झालं. त्याने उंच, डोक्याच्याही वर जाणारी दाखवली. कुरळी चालता चालता सारखी मान वळवून मागे बघत असते, तिला मागून येणारी सायकल ऐकू येत नाही ना. उंच पिशवी पाठीवर घेतल्यावर मान वळवली की पिशवीच दिसायची. म्हणून खांद्यापाशी संपणारी घेतली. दुकानदार म्हणाला, यात सामान कमी बसेल. ताई म्हणाली, सामान कमी नेईल, मान नेईल.

टॉर्चवर मात्र खरा घोळ झाला. हातातला टॉर्च ताईने बघितलाही नाही. एक हात टॉर्चला दिला की अर्धी जीभ गेली, एका हाताने माणूस काय बोलणार. दुकानदाराने मोठ्या ऐटीत कपाळावर बांधायचा दिवा काढला. दोन्ही हात मोकळे, गिर्यारोहक हाच वापरतात वगैरे. ताईला तो पटला. पण वापरून बघितल्याशिवाय ती चमचासुद्धा घेत नाही. तिने मागच्या गोदामाकडे बोट दाखवलं. आम्ही तिघी आत गेलो, दार लावलं, ताईने दिवा कपाळाला बांधला आणि लेकीशी बोलू लागली. कुरळीने दोन्ही हातांनी डोळे झाकले. दिव्याचा झोत सरळ तिच्या डोळ्यांत, आणि ताईचे हात खाली काळोखात. ऐकणाऱ्याचे डोळे दिपवायचे आणि बोलणाऱ्याचं तोंड बांधायचं, असला तो दिवा. दुकानदार बाहेरून दार वाजवून विचारत होता, सगळं ठीक आहे ना. त्याला वाटलं असावं, आम्ही आत अडकलो.

मग मिळाला तो गळ्यात अडकवायचा चपटा दिवा. खाली झुकवला की उजेड आपल्याच हातांवर पडतो आणि थोडा हनुवटीवर, चेहराही दिसतो. मायलेकी त्या गोदामात पोत्यांवर बसून इतकं बोलल्या की मलाच शेवटी दार उघडावं लागलं. काय बोलत होत्या विचारलं, तर माझ्याबद्दलच.

शिट्टी राहिली. गल्ल्याशेजारी बरणीत रंगीबेरंगी शिट्ट्या होत्या. कुरळीने पिवळी उचलली. दुकानदाराने ती तिच्या हातातून हळूच काढून परत बरणीत टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला काय उपयोग? ऐकू तर येणार नाही."

मी काही बोलायच्या आत कुरळीने बरणीत हात घातला, तीच पिवळी शिट्टी काढली आणि गाल फुगवून अशी फुंकली की दुकानातलं गिऱ्हाईक न् गिऱ्हाईक दचकलं. रस्त्यावरच्या एका सायकलवाल्याने ब्रेक दाबला. मग तिने दुकानदाराला हातांनी विचारलं, आणि मी छाती फुगवून ते शब्दांत सांगितलं.

"मला नकोच आहे ऐकायला. तुम्हाला आलं ना ऐकू?"

दुकानदाराने शिट्टी पुसून कागदात बांधून दिली, आणि निघताना पातळ, मजबूत दोरीचं एक बंडल कुरळीच्या हातात ठेवलं. त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. ताई ते घेऊ देईना, पण कुरळीला त्याच दोरीचं काम होतं.

तिची युक्ती अशी होती: झोपताना दोरीचं एक टोक आपल्या मनगटाला बांधायचं आणि दुसरं शेजारी झोपणाऱ्या मैत्रिणीच्या मनगटाला. ही मैत्रीण, चष्मेवाली, तिच्या तुकडीतली. काही झालं की ओढायचं. घरी त्यांच्यात उठवायचं म्हणजे खोलीतला दिवा चालूबंद करतात, नाहीतर जमिनीवर पाय आपटतात. तंबूत दिवा नाही आणि मातीवर पाय आपटून काही पोचत नाही. कुरळीने युक्ती आधी बापावर करून बघितली. भावोजींच्या पायाच्या अंगठ्याला दोरी बांधली आणि ते घोरायला लागल्यावर ओढली. ते उठून बसले आणि तडक वरच्या कप्प्यातली कागदपत्रांची पेटी काढायला धावले. त्यांना वाटलं, भूकंप झाला, घर हलतंय. आठवडाभर त्यांनी मोजे घालून झोपायचं ठरवलं.

चटई ताईने दुकानातून घेतलीच नाही. तिने कारखान्यात साहेबांना विचारून पॅकिंगचा कागद आणला. कागद म्हणजे जाड चंदेरी प्लास्टिक. ताटल्यांच्या चवडी त्यात गुंडाळतात. ओल शिरत नाही, फाटत नाही, घडी केली की वहीएवढी. शिवाय चंदेरी असल्यामुळे गळ्यातल्या दिव्याचा उजेड त्यावरून परत येतो आणि हात दुप्पट स्पष्ट दिसतात. भावोजींनी कडांना पट्टी चिकटवून दिली. ताईला या शोधाचा एवढा अभिमान वाटला की तिने कारखान्यातल्या बायकांना घडी उघडून दाखवली, आणि प्रेस चालू असताना सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्या आठवड्यात इस्पितळात दुपार-रात्र पाळीला होते. ती चटई मी शनिवारी हॉलमध्येच पहिल्यांदा बघितली.

हॉलमध्ये पडदे ओढले होते, मुलींनी ओळीने अंथरुणं घातली होती, पालक भिंतीकडेला खुर्च्यांवर. सरांनी दिवे घालवले. दुपार असूनही चांगला मिट्ट अंधार झाला. सरांनी कुजबुजून चष्मेवालीला काही सांगितलं. तिने दोरी ओढली. पुढच्या क्षणी कुरळीच्या गळ्यातला दिवा लागला, चेन उघडली आणि ती उठून बसून विचारत होती, काय झालं. तिच्या हातांवर एवढा स्वच्छ उजेड होता की भिंतीकडच्या पालकांनाही ते हात दिसले. चष्मेवालीने मोडक्यातोडक्या खुणांनी सांगितलं, साप. कुरळीने अंथरूण झटकलं, बूट उलटे करून आपटले, आणि उभी राहिली. सर "वा" म्हणाले. मी ताईचा हात दाबला. सरांनी सगळ्यांना परत आडवं व्हायला सांगितलं, आणि हॉल शांत झाला.

मग कुरळीने कूस बदलली.

काय सांगू त्या आवाजाचं. पत्र्यावर कोणीतरी पोतंभर सुकी पानं ओतून वरून नाचावं, तसा. करकर, चरचर, फाडफाड. ती थांबली की तो थांबे, तिने श्वास घेतला की परत सुरू. एक मुलगी खुदकन हसली. मग दुसरी. मग सगळा हॉल हसायला लागला. एक आई म्हणाली, अशाने बाकीच्या पोरींनी झोपायचं कसं. दुसरी म्हणाली, सर आधीच सांगत होते. सरांनी दिवे लावले आणि थकल्या आवाजात म्हणाले, "हेच म्हणत होतो मी."

उजेड झाल्यावर कुरळी उठून बसली, त्यामुळे आणखी आवाज, आणखी हसणं. तिला फक्त हसणारे चेहरे दिसत होते. आपण काय केलं ते तिला कळेना. तिने स्कार्फ चाचपला, केस चाचपले, मग माझ्याकडे बघितलं. माझं डोकं असं तापलं होतं की त्या हसणाऱ्या प्रत्येक तोंडावर एकेक चटई फेकून मारावी.

मी ताईला सांगितलं, चटई वाजते. तिला समजलंच नाही. वाजते? चटई? तिच्या जगात वाजणाऱ्या गोष्टी म्हणजे प्रेस, दार, कुत्रा, ढग आणि मी. नुसतं अंगाखाली पडलेलं प्लास्टिक हॉलभर ऐकू जातं, हे तिला चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण, कारखान्यात त्या प्रेसपुढे तो कागद आम्हा कानवाल्यांनाही ऐकू आला नसता. स्वतःच्या लेकीचं हसं आपणच घडी घालून, पट्टी लावून पिशवीत भरून दिलं, हे तिच्या डोळ्यांत मला वाचता आलं. माझी बहीण कोणासमोर खाली बघताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितली, आणि मला ते अजिबात सहन झालं नाही.

सर मला म्हणाले, तुम्ही त्यांना समजावून सांगा. ताईने ते त्यांच्या ओठांवरून वाचलं असावं. ती उठली, ओळींच्या मधून चालत लेकीपाशी गेली आणि पाठीवरची पिशवी हॉलच्या मधोमध उलटी केली. मग मला बोलावलं.

"बडबडी, एकेक ऐक. काय काय वाजतं ते सांग."

ती एकेक वस्तू उचलून हलवत गेली आणि मी ऐकत गेले. ताटलीत मग आपटतो, वाजतो. ती म्हणाली, मधे मोजे घालू. बाटलीचं झाकण वाजतं. दोरीने आवळू. झोपायची पिशवी? कमी. चेन? थोडी. बूट? नाही. चटई? मी म्हटलं, ताई, चटई फार. तिने चटईची घडी केली आणि माझ्या काखेत दिली. सगळा हॉल बघत होता. मग ती सरांसमोर उभी राहिली. तिचे हात मोठे आणि स्पष्ट चालले होते, आणि मी खिडकीतला गोड आवाज बाजूला ठेवून माझ्या खऱ्या आवाजात बोलले.

"आवाजाचा त्रास तुम्हाला होतो. आम्हाला होत नाही. आमच्या घरात कधी कोणाची झोप आवाजाने मोडली नाही. तरी तुमच्यासाठी मी चटई बदलते, ताटली बांधते, झाकण आवळते. आता सांगा, तिच्यासाठी तुम्ही काय बदलता?"

मगाशी बोललेल्या आईने पर्स उघडून आत काहीतरी शोधायला सुरुवात केली. शेवटी सर म्हणाले, काय बदलू, सांगा. ताई म्हणाली, मला विचारू नका, जी येणार आहे तिला विचारा. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी तिथेच खाली बसले आणि हात मांडीखाली घातले.

"चौकशी खिडकी बंद आहे," मी म्हटलं.

तेव्हा ते गुडघे मोडून कुरळीच्या समोर जमिनीवर बसले. काय करायचं ते त्यांना सुचेना. त्यांनी झोपल्याची खूण केली, मग उठल्याची, आणि प्रश्नार्थक भुवया उंचावल्या. रडू आवरून आवरून कुरळीचं नाक लाल झालं होतं. मग तिने शिकवायला घेतलं. ऊठ. वारा. पाऊस. आग. काही नाही, झोप. सर विद्यार्थी म्हणून सुमार निघाले. साप काढायला गेले की मासा निघे. तिने त्यांना सहा-सात वेळा साप काढायला लावला, मनगट धरून वळवून दिलं, तरी मासाच. आता मुली सरांना हसत होत्या. चष्मेवालीने घरून जास्तीची आणलेली कापडी सतरंजी कुरळीच्या अंथरुणाखाली सरकवली. अखेर साप जमला. सर घाम पुसत उठले आणि पालकांना म्हणाले की पथकातल्या सगळ्या मुली दोन्ही रात्री तिथेच राहतील. "सगळ्या" म्हणताना त्यांनी ताईकडे बघितलं, आणि ताईला ते मी सांगायची गरज पडली नाही.

कॅम्पच्या दिवशी बस सुटली तेव्हा ताई कारखान्यात होती. तिने सुट्टी घेतली नाही. संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. भावोजी एका दुकानाची पाटी पुरी करायला गेले होते. आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो. सूर्य बुडायच्या सुमाराला माझा फोन वाजला. सर होते. पाठीमागे वाऱ्याने तंबूचं कापड फडफडत होतं. ते म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण दोन मुली घराच्या आठवणीने रडायला लागल्या आहेत, एकीचे वडील गाडी घेऊन निघालेत. गाडीत जागा आहे. हवं असेल तर कुरळीलाही पाठवतो.

मी ताईला सांगितलं. तिने विचारलं, ती रडते आहे का. सर म्हणाले, नाही. जायचं म्हणते का? सर म्हणाले, विचारलं नाही, म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. ताई म्हणाली, तिला विचारा.

फोन बहुधा खाली ठेवला गेला. मला वारा ऐकू आला, पावलं ऐकू आली, कोणीतरी हसलं. मग सर परत आले, दम लागलेले.

"मी विचारलं. मला वाटतं, बरोबर विचारलं. तिने हाताने असं बाजूला ढकलल्यासारखं केलं, आणि मुठीने खाली काहीतरी दाबल्यासारखं. म्हणजे काय?"

मी हसायला लागले. "म्हणजे, जा आणि फोन ठेवा."

त्यांनी ठेवला. मी ताईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, आता ती पायरीवर उभी राहून नाचेल. ती नुसती बसून राहिली, कुंपणापलीकडच्या रस्त्याकडे बघत. सरांचं ऐकलं असतं, तर आत्ता त्या रस्त्याने आम्ही तिघी घरी येत असतो.

"सभेत सरांनी मला विचारलं ना," ती म्हणाली, "काळोखात काही झालं तर तिला कसं सांगणार. मला उत्तर येत नव्हतं. दिवा विझला तर? दोरी सुटली तर? अजूनही येत नाही."

मी म्हटलं, मग एवढी भांडलीस कशाला?

"उत्तर असतं, तर भांडावं कशाला लागलं असतं?"

एवढं बोलून तिने हात मांडीवर ठेवले. अंधार झपाट्याने वाढत होता. काळोखात ताईला गप्प बसावं लागतं म्हणून ती दिवेलागणीआधीच घरभर दिवे लावते. मी सवयीने उठले आणि बटणाकडे हात नेला. तिने माझा पदर धरून मला खाली बसवलं. मग आम्ही दोघी एकमेकींना दिसेनाशा होईपर्यंत तिथेच बसलो, कारण तिकडे तलावाच्या काठीही याच वेळी अंधार पडत होता आणि तिची मुलगी त्यात होती.